आधी भिंतीतला प्लग, मग ग्राफिक्स कार्ड

ग्राफिक्स कार्डांच्या चाचण्या ज्या खोलीत होतात तिथे एसी चालू असतो. तापमान बावीस-चोवीस अंशांवर बांधलेले, वीज अखंड, अर्थिंग पक्के. तिथे एक कार्ड ७० अंशांवर थांबते, दुसरे ६६ वर, आणि या चार अंशांवरून वीस मिनिटांचा व्हिडिओ तयार होतो. तो व्हिडिओ कारंज्यात, मानोऱ्यात, रिसोडमध्ये मोबाइलवर पाहिला जातो, त्यातली भागांची यादी वहीत उतरते आणि तालुक्याच्या दुकानदाराकडे व्हॉट्सॲपवर जाते. मे महिन्यात वाशिम जिल्ह्याचा पारा ४२-४३ अंशांवर असतो. अकोल्यापेक्षा जिल्हा उंच पठारावर, म्हणून एखाद-दोन अंशांची सवलत मिळते, तेवढीच. दुपारी चार वाजता स्लॅबखालच्या वरच्या खोलीत त्याच कार्डाचे काय होते, हे त्या व्हिडिओत येत नाही.

गेमिंग पीसी घ्यायला निघालेल्या किंवा जुना पीसी सुधारू पाहणाऱ्या इथल्या मुलांना, आणि त्यासाठी पैसे मोजणाऱ्या आईवडिलांना, एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. यादी कार्डापासून सुरू करू नये. ज्या घरात ते यंत्र राहणार तिथली वीज, तिथला उकाडा, तिथली धूळ आणि बिघाड झाल्यावर दुरुस्तीला किती लांब जावे लागेल ते अंतर, इथून यादी सुरू व्हावी. स्क्रीन त्यानंतर. कार्ड अगदी शेवटी, उरलेल्या पैशांतून. हा क्रम उलटा वाटेल, पण पैसा वाया जाण्याच्या बहुतेक वाटा तो मोडल्यानेच उघडतात.

रक्कम लहान नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. आठ जीबीचे मध्यम दर्जाचे नवे कार्ड तीस हजारांच्या आसपास पडते. हमीभावानेच धरले तरी साडेपाच क्विंटलहून अधिक सोयाबीन एका कार्डात जाते, आणि बाजार समितीत पुष्कळदा हमीभावही हाती पडत नाही. मॉनिटरसह पूर्ण पीसी सहज सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात पोचतो. त्यात १८ टक्के जीएसटी आलाच. कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घरातून एवढा पैसा निघत असेल, तर त्यातला रुपया न् रुपया विचारून खर्च व्हायला हवा.

सगळ्यात आधी एसएमपीएस, म्हणजे पीसीच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटसोबत फुकट मिळणारा किंवा आठशे-हजारात येणारा, वर ठळक अक्षरांत ४५० वॉट लिहिलेला डबा हातात घेतला, तर वजनावरूनच शंका यावी. आत तांबे कमी, कपॅसिटर लहान आणि संरक्षणाची मंडळे बहुधा गायब. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले, करंट वाढला किंवा शॉर्ट झाला की तो स्वतः बंद पडतो. स्वस्त डबा तो धक्का थेट मदरबोर्डाकडे आणि कार्डाकडे पाठवतो. हजार रुपयांच्या भागाने तीस हजारांचा भाग जळतो तो असा. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा, नावाजलेल्या कंपनीचा एसएमपीएस चार-पाच हजारांत मिळतो. आरटीएक्स ४०६० हे कार्ड स्वतः ११५ वॉट खाते आणि त्यासाठी एनव्हिडियाने सुचवलेला एसएमपीएस ५५० वॉटचाच आहे. त्यामुळे ७५० वॉटचा घ्या म्हणून कोणी गळ घातली तरी गरज नाही. वॉट थोडे कमी चालतील, दर्जा कमी चालणार नाही.

नुसत्या नावावरही विसंबता येत नाही. २०२१ मध्ये गिगाबाइटसारख्या मोठ्या कंपनीच्या ७५० आणि ८५० वॉटच्या दोन एसएमपीएसवर, चाचणीत ते स्फोट होऊन बंद पडतात अशी टीका झाली. त्या ऑगस्टमध्ये कंपनीने त्यांच्या संरक्षण-मर्यादा खाली आणल्या आणि जुने नग बदलून देण्याची सोय केली. म्हणून मॉडेलचे नाव घेऊन चाचणी शोधायची, ती वाचायची आणि मगच पैसे द्यायचे. ८० प्लसचे चिन्ह वीज किती वाया जाते एवढेच सांगते, सुरक्षेची हमी देत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

डब्यावरच्या लेबलावर आणखी एक ओळ असते आणि ती फार थोडे लोक वाचतात. काही एसएमपीएसवर १००-२४० व्होल्ट लिहिलेले असते, काहींवर २००-२४०. पुण्या-मुंबईत या फरकाने काही बिघडत नाही. रब्बीत पंप सुरू झाल्यावर जिथे दिवे मंदावतात आणि व्होल्टेज १८० च्या खाली उतरते, तिथे पहिला चालत राहतो आणि दुसरा गेम ऐन रंगात असताना पीसी बंद पाडतो. मग मुलगा कार्डाला दोष देतो, दुकानदार विंडोज पुन्हा टाकून देतो, आणि खरे कारण भिंतीत तसेच राहते.

अर्थिंगचेही तसेच. अनवाणी पायाने कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार खेड्यापाड्यांतच काय, वाशिम शहरातल्या जुन्या घरांतही नवी नाही. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते नको असलेला करंट अर्थच्या तारेवाटे जमिनीत सोडतात. घरात अर्थिंगच नसेल तर तो करंट पत्र्यावर साठतो आणि तिथे ११० व्होल्टच्या आसपास दाब उभा राहतो. करंट अगदी थोडा असल्याने जिवावर बेतत नाही, पण पेनड्राइव्ह लावताना, एचडीएमआय केबल काढताना तोच करंट पोर्टमधून वाट शोधतो. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन काढून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवणे ही इथली सर्रास सवय आहे, आणि ती सोडायलाच हवी. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यायला, गरज पडली तर नवा खड्डा करून रॉड पुरायला जो खर्च येतो, तो पीसीच्या बजेटात पहिल्या ओळीत लिहावा.

यूपीएस त्याच्या शेजारच्या ओळीत. सहाशे व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार पेलतो. आरटीएक्स ४०६० आणि रायझन ५ ५६०० ही जोडी खेळताना मॉनिटर धरून अडीचशे वॉटच्या आसपास राहते, म्हणजे गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागच्या किंवा पुढच्या बाजूला यूपीएस मोडचे बटण आहे का ते पाहावे. साध्या मोडमध्ये वीज गेल्यापासून बॅटरी लागेपर्यंत जो क्षण जातो, तो चांगल्या एसएमपीएसलाही जड जातो. पूर्ण भारावर एसएमपीएस साधारण सोळा-सतरा मिलिसेकंदच तग धरतो. यूपीएस मोडमध्ये ही फट दहा मिलिसेकंदांच्या आसपास येते. एक बटण दाबायचे काम आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मृगाच्या आगेमागे विजा कडाडू लागल्या की कोणताही स्पाइक गार्ड पुरत नाही. प्लग काढायचा आणि राउटरची लॅन केबलही काढायची, कारण वीज त्या तारेवाटेही आत येते. पुण्याच्या आयआयटीएमने बनवलेले दामिनी ॲप आसपासच्या परिसरातल्या विजांची सूचना देते. ते मुख्यतः शेतात काम करणाऱ्यांचा जीव वाचावा म्हणून आहे, आणि प्रत्येक घरात ते असायलाच हवे. पीसीचा प्लग काढायची आठवण हा त्याचा छोटासा जोडलाभ.

आता उकाडा. पीसीतला कोणताही कूलर, मग तो हवेवर चालणारा असो की पाण्याच्या नळ्यांचा महागडा, भागाचे तापमान खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त खोली आणि भाग यांच्यातले अंतर कमी करतो. चोवीस अंशांच्या खोलीत एखादा प्रोसेसर ६९ वर राहत असेल, तर ते अंतर ४५ अंशांचे. तेच ४३ अंशांच्या खोलीत मोजा, ८८ येते. रायझनच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा नव्वद-पंच्याण्णव अंश, इंटेलच्या बऱ्याचशांची १००. एनव्हिडियाची कार्डे ऐंशीच्या थोडे वर गेली की स्वतःहून वेग उतरवू लागतात. जळत काही नाही, पण ज्या फ्रेम्ससाठी पैसे मोजले त्या उन्हाळ्यात मिळत नाहीत. इथे कमी वॉटचे कार्ड ही सरळ नफ्याची गोष्ट ठरते. जुने आरटीएक्स ३०६० हे १७० वॉटचे, ४०६० हे ११५ चे. मधले ५५ वॉट शेवटी उष्णता बनून त्याच खोलीत उतरतात. बिलातही फरक पडतो. अडीचशे वॉटचा पीसी रोज चार तास चालला की दिवसाला एक युनिट होते, महिन्याला तीस, आणि घराचा वापर शंभर युनिटांपलीकडे गेला की पुढच्या युनिटाला जवळपास दुप्पट दर लागतो.

मुख्य म्हणजे कॅबिनेट जाळीच्या तोंडाचे घ्यावे. समोर काचेचा सपाट पडदा आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेटे दुकानात छान दिसतात, पण हवा आत जायला वाट ठेवत नाहीत. जाळीमागे धुळीचा फिल्टर असावा आणि तो काढून धुता यावा. ऑक्टोबरमध्ये हडंब्यातून उडणारे सोयाबीनचे कुटार, पुढे तुरीची मळणी, वर्षभर रस्त्याची धूळ, हे सगळे त्या जाळीवर येऊन बसते. मळणीच्या दिवसांत आठवड्याला फिल्टर धुणे आणि दोन-तीन महिन्यांनी ब्लोअरने आतली धूळ काढणे (पंखे बोटाने धरून, नाहीतर ते उलटे फिरतात आणि बेअरिंग खराब होते) एवढ्याने पाच-सात अंश वाचतात.

विदर्भातल्या उन्हाळ्याची खरी सोय म्हणजे वाळा लावलेला कूलर, आणि पीसीचे नाते त्याच्याशीच सगळ्यात अवघड आहे. कूलर खोली आठ-दहा अंशांनी उतरवतो, म्हणजे पीसीला त्याचा फायदाच. हवेतल्या ओलाव्याची भीती अनाठायी आहे, कारण चालू यंत्र हवेपेक्षा गरम असते आणि त्यावर दव धरत नाही. भीती आहे ती थेंबांची. बोअरचे पाणी जड, वाळ्यावर पांढरा थर चढतो तो त्यातल्या क्षारांचाच. कूलरच्या झोतासोबत आलेला बारीक तुषार मदरबोर्डावर सुकला की पाणी उडते, क्षार राहतात. म्हणून पीसी कूलरच्या समोर कधीच नको. बाजूच्या भिंतीला, जमिनीपासून वर, खिडकी उघडी ठेवून. खेळताना कार्डाची वीज-मर्यादा ८० टक्क्यांवर आणली आणि फ्रेम्स मॉनिटरच्या वेगापुरत्या बांधल्या, तर खेळात फारसा फरक जाणवत नाही आणि पंख्याचा आवाज निम्म्यावर येतो. ही सेटिंग मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांत होते.

एवढे झाल्यावर कार्डाकडे वळायचे, तेही मॉनिटरवरून. स्टीमच्या मासिक पाहणीत आजही निम्म्याहून अधिक खेळाडू १०८० पी स्क्रीनवरच खेळतात. जगभर हेच चालते, तर वाशिममध्ये फोर-केच्या नादाला लागण्याचे कारण नाही. १४४ हर्ट्झ किंवा त्याहून वेगाचा १०८० पी आयपीएस मॉनिटर घेतला की आठ जीबीचे, साठच्या क्रमांकाचे कार्ड त्याला पुरते. त्याहून वरच्या कार्डाने जे मिळते ते या स्क्रीनवर फारसे दिसत नाही. मॉनिटर दहा वर्षे टिकतो, कार्ड चार-पाच वर्षांत जुने होते. तरीही घरोघर उलटेच होते, तीस हजारांचे कार्ड आणि कोणाकडून तरी आलेला ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर.

कार्डाच्या बाबतीत तालुक्याच्या दुकानात एक जुनी फसगत अजून चालते. चार जीबीचे कार्ड म्हणून जीटी ७३० हातात ठेवले जाते. ते २०१४ सालचे. मेमरी किती यावरून कार्डाची ताकद ठरत नाही, पण खोक्यावर तेवढाच आकडा मोठा छापलेला असतो. आरटीएक्स ३०६० च्या नावानेही दोन कार्डे आली, बारा जीबीचे मूळ आणि २०२२ च्या अखेरीस आलेले आठ जीबीचे. दुसऱ्यात मेमरीचा रस्ताही अरुंद केलेला आहे. नाव तेच, वेग कमी.

सेकंड हँडचा बाजार सरसकट वाईट नाही. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि जगभरातली रात्रंदिवस राबलेली कार्डे बाजारात उतरली. त्यातली काही अजून फिरत आहेत. आरएक्स ५८० म्हणून जे स्वस्तात मिळते ते पुष्कळदा २०४८एसपी असते, म्हणजे कमी गाभ्यांची आवृत्ती. जीटीएक्स १०५० टीआय असे दाखवणाऱ्या पण आत कित्येक वर्षे जुनी चिप असलेल्या बनावट कार्डांचाही सुळसुळाट होऊन गेला. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर अशी नकली कार्डे ओळखून तसे लिहून दाखवते. पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर ते चालवावे, एखादा गेम अर्धा तास खेळावा आणि तापमान पाहावे. नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. आणखी एक मुद्दा गेल्या दोन वर्षांत पुढे आला आहे. डिसेंबर २०२४ चा इंडियाना जोन्स आणि मे २०२५ चा डूम हे गेम रे ट्रेसिंगची सोय चिपमध्येच नसेल तर सुरूच होत नाहीत. आरएक्स ५८० किंवा जीटीएक्स १६६० कितीही स्वस्त मिळाले तरी ही दारे त्यांना बंद आहेत. आरएक्स ६६०० ला ती उघडी आहेत.

प्रोसेसरच्या बाबतीत आय सेव्हन, आय नाइन यांचा मान गावाकडे फार. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले ताकदवान प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू निकामी होतात हे उघड झाले. कंपनीला ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड द्यावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. असा प्रोसेसर कोणाकडे असेल तर त्याने बायोस अद्ययावत केले आहे ना, हे आजच पाहावे. बाराव्या पिढीत हा दोष नाही, आणि आय फाइव्ह १२४०० आजही १०८० पी खेळाला पुरून उरतो. एएमडीची एएम४ ही बैठक २०१७ पासून रायझन सांभाळते आहे. २०१८ च्या बी४५० बोर्डावर बायोस बदलून २०२२ चा रायझन बसतो. ज्यांच्याकडे जुना रायझन ५ २६०० आहे त्यांनी नवा पीसी घेण्याऐवजी फक्त प्रोसेसर बदलावा. बायोस बदलताना मात्र यूपीएस हवाच. मधेच वीज गेली तर बोर्डच जायबंदी होतो.

नावापुढचे एफ हे अक्षर इथे मोठ्या शहरांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. आय फाइव्ह १२४००एफ हा हजार-दोन हजारांनी स्वस्त, कारण त्यात अंगचे ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५६०० मध्येही नाही. पुण्यात कार्ड बिघडले तर दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रात देता येते. वाशिमहून ते दुकानदारामार्फत किंवा कुरिअरने मोठ्या शहरात जाते आणि परतायला आठवडे लागू शकतात. एफ प्रोसेसर असेल तर तेवढे दिवस स्क्रीन काळीच. अंगचे ग्राफिक्स असेल तर खेळ थांबतो, पण स्कॉलरशिपचा फॉर्म, सीईटीचे हॉल तिकीट, सातबारा, अभ्यास सगळे चालू राहते. ज्या घरात एकच संगणक आहे तिथे हे हजार-दोन हजार वाचवणे शहाणपणाचे नाही.

रॅमचे भाव सध्या कोणाच्याच हातात नाहीत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल खेचून घेतल्याने २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमच्या किमती दुपटीच्या पुढे गेल्या. ३ डिसेंबरला मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली. जगात डीरॅम बनवणाऱ्या बड्या कंपन्या तीनच, आणि त्यातल्या एकीने किरकोळ ग्राहकाकडे पाठ फिरवली. अशा वेळी जुन्या पीसीतली डीडीआर४ रॅम चालत असेल तर ती जपावी आणि तिला पेलणारीच बैठक निवडावी. नवी घ्यायची तर सोळा जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा आठ-आठच्या दोन घ्याव्यात, विशेषतः अंगच्या ग्राफिक्सवर खेळायचे असेल तेव्हा. दोन पट्ट्यांनी वेगात पडणारा फरक डोळ्यांना दिसतो.

जुन्या ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क असे रिफर्बिश्ड पीसी दहा-पंधरा हजारांत मिळतात आणि त्यात कार्ड टाकून गेमिंग पीसी करण्याची युक्ती लोकप्रिय आहे. युक्ती खरी आहे, पण तिला दोन अटी आहेत. या डब्यांतला एसएमपीएस अनेकदा २४० ते २९० वॉटचा, त्याचे कनेक्टर कंपनीचे स्वतःचे आणि कार्डाला द्यायला वेगळी तार नसते. त्यामुळे आरटीएक्स ३०५० चे सहा जीबीचे, ७० वॉटचे, स्लॉटमधूनच वीज घेणारे कार्ड तिथे बसते, त्याहून मोठे नाही. दुसरी अट पिढीची. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० लागते, आणि विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारखा गेम टीपीएम व सिक्युअर बूटशिवाय सुरू होत नाही. चौथ्या पिढीचा आय फाइव्ह आठ हजारांत मिळतो म्हणून घेणारा मुलगा ज्या गेमसाठी तो घेतो, पुष्कळदा तोच गेम त्यावर चालत नाही.

बिल पक्केच घ्यावे, सिरियल नंबर लिहिलेले. कच्च्या बिलावर जे पाचशे-हजार सुटतात, ते तीन वर्षांच्या वॉरंटीची किंमत असते. खोकी टाकू नयेत. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून कारंजा, शेलूबाजारकडच्या माणसाला नागपूर जवळ आले आहे. मोठी खरेदी तिथे जाऊन, भाग पाहून करता येते. पण जोडणी आणि विक्रीनंतरची धावपळ तालुक्यातला दुकानदारच करतो. तो दोन हजार जास्त मागत असेल आणि वॉरंटीची जबाबदारी लिहून देत असेल, तर ते दोन हजार द्यावेत. बदल्यात त्याने चांगले एसएमपीएस दुकानात ठेवावेत, ही मागणी ग्राहकांनी लावून धरली पाहिजे. मागणीच नसेल तर तोही हलके डबेच ठेवणार.

हाताशी असलेल्या भागांतून मोठे यंत्र उभे करण्याची परंपरा या मातीला परकी नाही. डॉ. विजय भटकर अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे. मूर्तिजापूर कारंज्याला लागून, आणि वाशिमही १ जुलै १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होते. हवा तसा क्रे महासंगणक द्यायला अमेरिका तयार नव्हती तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली, आणि १९९१ मध्ये भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा महासंगणक तयार झाला. इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या, बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर चिपा एकत्र जोडून तो बनवला होता. एकच बलाढ्य प्रोसेसर मिळत नाही, तर अनेक लहान एकदम कामाला लावायचे. आजचे ग्राफिक्स कार्ड याच विचारावर चालते, आरटीएक्स ४०६० मध्ये असे ३,०७२ छोटे गाभे आहेत. ज्याला हा पसारा समजून घ्यायचा आहे त्या मुलाच्या हातात गेमिंग पीसी ही प्रयोगशाळा असते. तोच पीसी ब्लेंडर चालवतो, व्हिडिओ संपादन करतो, गेम बनवतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने २०२० मध्ये आणलेला राजी हा भारतीय कथेवरचा गेम त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या नामांकनांत होता. २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला, आणि त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. गेम म्हणजे जुगार, असे म्हणून घरात विषयच बंद करणाऱ्या पालकांनी हा फरक पाहावा.

वाशिमचे शासकीय तंत्रनिकेतन आणि तालुक्यांतल्या आयटीआय यांनी उन्हाळ्यात दोन दिवसांचे जोडणी शिबिर घेतले तर त्याला गर्दी होईल. मल्टिमीटरने अर्थिंग मोजणे, एसएमपीएसचे लेबल वाचणे, प्रोसेसरवर पेस्ट लावणे, फिल्टर साफ करणे एवढे शिकवले तरी पुरे. वायरमनच्या विद्यार्थ्यालाही ते कामाचे आहे.

खरेदी एकदम करण्याचीही गरज नाही. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात विकते, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. पहिल्या पैशांत अर्थिंग, यूपीएस, एसएमपीएस, जाळीचे कॅबिनेट, मॉनिटर आणि अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्यावा. जुनी डीडीआर४ रॅम असेल तर रायझन ५ ५६००जी. त्याचे कॅशे ५६०० च्या निम्मे आहे आणि तो पीसीआयई ३.० वरच थांबतो, त्यामुळे पुढे कार्ड लावल्यावर थोडा वेग हातचा जाईल, हे जाणून घ्यावे. नवी रॅम परवडत असेल तर एएमडीच्या एएम५ या पुढच्या बैठकीवरचा ८६००जी. त्या बैठकीला २०२७ पर्यंत आणि पुढेही आधार देण्याचे एएमडीने सांगितले आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ आणि जीटीए ५ हे गेम या दोन्ही प्रोसेसरांवर, सेटिंग उतरवून, नीट खेळता येतात. तुरीचे पैसे आल्यावर, तोवरचे भाव पाहून, कार्डाचा विचार करावा.